बाहेरकाठा : आपल्या खारेपाटाच्या बांधांची कथा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, उखाणे, आरोग्याच्या सूचना आणि वर्षभराच्या कार्याचा अहवाल येतो. यंदा आपल्या भागाचा थोडा इतिहासही यावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले. गड, किल्ले आणि आंग्र्यांचे आरमार यांवर जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्या वाटेस मी जात नाही. मी लिहिणार आहे ती मातीच्या बांधाविषयी. काही माहिती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकलेली आहे, काही वाचनालयातील पुस्तकांतून मिळाली आणि जुन्या इंग्रजी गॅझेटियरमधील मजकूर शाळेच्या गुरुजींनी मराठीत समजावून सांगितला.

अलिबाग आणि पेण तालुक्यांतला धरमतरच्या खाडीकाठचा सखल मुलूख म्हणजे आपला खारेपाट. आपली शेते, घरे, देऊळ, एवढेच नव्हे तर जिथे आपण हळदीकुंकू करतो ते पटांगणही मोठ्या उधाणाच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. समुद्र आणि आपण यांच्यामध्ये एक बाहेरकाठा उभा आहे, म्हणून आपण आहोत. पण एवढ्यावर कथा संपत नाही. तो बांध एकट्याने कधीच उभा राहिलेला नाही. त्याच्यापुढे तिवरांचे रान होते आणि त्याच्यामागे माणसांची एकजूट होती. ही दोन्ही जिथे राहिली तिथे शेती राहिली; जिथे गेली तिथे समुद्र आत आला. आपल्या खारेपाटाच्या इतिहासातून मला समजले ते एवढेच.

प्रथम ही जमीन आली कोठून ते पाहू. अंबा आणि पाताळगंगा या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीवरून गढूळ पाणी घेऊन उतरतात. खालून दिवसातून दोनदा भरती येते. दोन्ही पाणी जिथे भेटते तिथे त्यांचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षे असा गाळ बसून चिखलाची पठारे तयार होतात. त्यांवर मोरस आणि तसल्याच खारट पाल्याची झुडपे येतात. मग तिवर, चिपी, कांदळ अशी झाडे धरतात. तिवराची मुळे चिखलातून वर बोटांसारखी डोके काढून श्वास घेतात. पाने उलटी करून चाटली तर खारट लागतात, कारण अंगातले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते.

या झाडांची मोठी करामत अशी की भरतीचे पाणी त्यांच्या खोडांतून आणि मुळांतून जाताना मंदावते आणि आपला गाळ तिथेच टाकते. शिवाय गळलेली पाने आणि कुजलेली मुळेही त्याच मातीत मिसळतात. त्यामुळे तिवरांचे रान स्वतःची जमीन स्वतःच थोडी थोडी उंच करीत असते. समुद्र बोटभर चढला तर पुरेसा गाळ असेपर्यंत रानही बोटभर चढते. वादळाने किनारा कापला जातो हे खरे, परंतु तेच वादळ ढवळलेला चिखल रानाच्या आतल्या भागात नेऊन पसरते. निसर्गाने समुद्राशी केलेला हा जुना व्यवहार आहे. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्याने घ्यावे.

या रानातच आपल्या पूर्वजांनी बांध घातले. कोणी प्रथम घातले ते सांगता येणार नाही, पण हा उद्योग फार जुना आहे. जुन्या कागदपत्रांत ‘शिलोत्री’ असा शब्द येतो. ज्याने आपल्या खर्चाने बांध घालून खाडीची जमीन लागवडीस आणली तो शिलोत्रीदार. बांध राखण्याच्या बदल्यात कसणाऱ्याकडून बिघ्यामागे मणभर भात घेण्याचा त्याला हक्क असे. इंग्रजांनी १८४० साली आंग्र्यांचे संस्थान खालसा केले, तेव्हाही हे बांध होते. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खारजमिनीची नोंद आहे. शिलोत्रीदाराचे नाव कागदावर आले. चिखल वाहणाऱ्या आगरी बाया-माणसांची नावे कोठेच आली नाहीत.

बांधाची रचना साधी, पण विचार करून केलेली. समुद्राच्या अंगाला जाड आणि उंच तो बाहेरकाठा. त्याच्या आत शेतांचे लहान बांध. पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून जागोजाग लाकडी दारांच्या उघाड्या. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने दार उघडावे आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याने ते दाबून बंद व्हावे. बाहेरकाठ्यापुढे तिवरांची रुंद पट्टी राखून ठेवीत, कारण लाट आधी तिथे मोडते आणि बांधापर्यंत येते तेव्हा तिचे दात गेलेले असतात.

नव्या खारीत लगेच भात होत नसे. दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने जमीन धुवून निघावी लागे. मग खाऱ्या मातीला सोसणारा राता भात पेरायचा. मोड आलेले बी म्हणजे रहू चिखलात फेकून पेरायचे. त्या तांबड्या तांदळाची पेज ज्यांनी प्यायली आहे त्यांना दुसरी पेज गोड लागत नाही. बांधाच्या आत गोड्या पाण्याच्या तळ्यांत जिताडा वाढे, बांधाबाहेर चिंबोऱ्या आणि निवट्या मिळत. अशा रीतीने एकाच बांधाच्या दोन अंगांवर आपले जेवण होते.

आता माणसांच्या एकजुटीविषयी. तिला आपल्याकडे ‘जोळ’ म्हणतात. आमच्या सासूबाई सांगत, की एका बांधाखाली ज्यांची शेते असतील त्या सर्वांची एक जोळ. घरटी एक माणूस फावडे आणि टोपली घेऊन बांधावर आलाच पाहिजे. जो येणार नाही त्याने दंड भरायचा किंवा बदली गडी द्यायचा. पावसाळ्याआधी सर्व बांध पायी फिरून पाहायचा. खेकड्याचे बीळ दिसले की त्याच दिवशी चिखलाने बुजवायचे. कारण आज जे बीळ आहे तेच उधाणाच्या रात्री खांड होते.

खांड पडली म्हणजे गावात थाळी वाजवून हाक देत. रात्र असो, पाऊस असो, सर्वांनी धावायचे. पण भरलेल्या उधाणात खांड बांधता येत नाही, हेही जुन्या माणसांना ठाऊक होते. अष्टमी-नवमीच्या भांगाचे दिवस आणि त्यातही ओहोटीची वेळ धरायची. दोन रांगांत मेढी ठोकायच्या, मध्ये पेंढा आणि पाला दाबायचा आणि वरून चिखलाचे लपके हातोहात टाकायचे. पुढची भरती येण्याआधी पाण्याच्या वर यायचे. त्यात बायकाही असत. सासूबाई म्हणत, “मूल झोळीत टांगायचं, भाकरी पदरात बांधायची नि चिखल डोईवर घ्यायचा. पाणी कुणाच्या शेतात शिरणार ते तेव्हा कुणी विचारीत नसे.”

मात्र चिखल वाहणाऱ्याच्या हाती पीक किती राहत असे? जमीन सावकार-खोतांची आणि कसणारा कूळ. पिकाचा मोठा वाटा मालकाकडे जाई, वर नाना प्रकारच्या मागण्या. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांच्या कुळांनी जमिनी कसण्याचे नाकारले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे येऊन शेतकऱ्यांना पाठिंबा देऊन गेले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संप १९३९ पर्यंत चालला. एवढी वर्षे घरात भात नसताना संसार चालविणे म्हणजे काय, हे पुरुषांपेक्षा चूल सांभाळणारीलाच अधिक कळेल. त्याच वर्षी पहिला कूळकायदा आला आणि १९४८ साली दुसरा, अधिक व्यापक. ज्यांनी बांध राखला त्यांना अखेर जमिनीवर हक्क मिळाला.

१९४८ सालीच खारजमिनींसाठीही कायदा झाला आणि पुढे खारजमीन विकास मंडळ स्थापन झाले. १९७९ साली महाराष्ट्र सरकारने नवा कायदा केला. बांधांची बांधणी आणि दुरुस्ती सरकारी योजनेतून होऊ लागली. ही गोष्ट चांगल्या हेतूने झाली. गरीब कुळांना मोठ्या बांधांचा खर्च झेपणारा नव्हता आणि यंत्रांनी झालेले काम हातांनी झाले नसते. परंतु तिच्यासोबत एक नुकसानही आले. “बांध आता सरकारचा,” असे लोक म्हणू लागले आणि जोळ मोडली. बीळ दिसले तरी माणूस पुढे जाऊ लागला. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी या सर्वांस महिने लागतात. उधाण मात्र दर अमावास्येस आणि पौर्णिमेस येते. त्यातच तरुण मुले नोकरीसाठी मुंबई-पनवेलकडे गेली. एकदा खारे पाणी शिरले की दोन-तीन वर्षे पीक नाही. दुसऱ्यांदा शिरले की माणूस शेतीचा नाद सोडतो. आणि ज्याने शेती सोडली तो बांधावर कशाला जाईल?

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. गोव्यात अशाच जमिनींना खाजण म्हणतात. तिथे गावकरी संस्था बांध राखीत, उघाडीला मानस म्हणत आणि खाऱ्या मातीत कोरगुट भात पिकवीत. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पुष्कळ ठिकाणी दुर्लक्ष झाले. काही ठिकाणी मानशीवरच्या मासळीत भातापेक्षा अधिक पैसा दिसू लागला, तेव्हा खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. कूळकायदा दोन्हीकडे न्यायाचाच होता. पण बांधामागची जुनी एकजूट गेली आणि तिच्या जागी नवी उभी राहिली नाही.

आता बांधापुढच्या रानाकडे वळू. गॅस घरोघरी येण्यापूर्वी आपल्या चुली तिवरावरच चालत. जोवर वाळक्या फांद्या आणल्या जात तोवर रानाचे बिघडले नाही. पुढे कुठे कोळंबीच्या तळ्यांसाठी, कुठे भराव घालून इमारती आणि कारखाने उभारण्यासाठी किनाऱ्याची रानेच्या राने गेली. लाटेला मध्ये अडविणारे काही राहिले नाही.

असे रान वादळात काय करते हे ओरिसाने पाहिले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तिथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे अभ्यासकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांची तुलना केली, तेव्हा समुद्र आणि गाव यांच्यामध्ये जिथे रुंद कांदळवन होते तिथे मृत्यू कमी झाले होते असे आढळले. रानाने वारा थांबविला नाही. घरे तिथेही पडली. पण समुद्राचे चढलेले पाणी रानातून येताना मंदावले आणि उशिरा पोहोचले.

आपल्या किनाऱ्याला पूर्वी अशा वादळांची फारशी सवय नव्हती. आता ११ नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’, ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ ही नावे मुलांनासुद्धा पाठ आहेत. निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि आपल्याकडे घरांचे पत्रे उडाले, हे आपण सर्वांनी पाहिले. अरबी समुद्राचे पाणी तापत असून त्यामुळे वादळे वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात.

वादळ येते आणि जाते. समुद्राचे चढणे मात्र दिसत नाही. मुंबईस अपोलो बंदरावर भरतीचे मोजमाप १८७८ पासून ठेवले जात आहे. जगातील अशा अनेक ठिकाणच्या नोंदींवरून शास्त्रज्ञ हिशेब मांडतात. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत ती वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास चढे. २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर गेली. कोणी म्हणेल, तांदळाच्या दाण्याएवढे ते काय! पण आमच्या सासूबाईंच्या जन्मापासूनचे दाणे एकावर एक रचून पाहा. मोठ्या उधाणाला आपल्याकडे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि बांधाच्या माथ्याला जेमतेम वाव उरतो. त्यात वीतभर वाढ म्हणजे थोडी नव्हे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बांधाबाहेरचे रान गाळाने उंच होत जाते, हे वर सांगितले. आतली जमीन मात्र बांध घातला त्या दिवसापासून गाळाला मुकली. ती उन्हाने सुकते, आवळते आणि बसते. म्हणून जुन्या खारीत शेत खाली आणि बाहेरचा चिखल वर, असे उलटे चित्र दिसते. खांड पडली की पाणी एवढ्या जोराने आत का कोसळते, याचे कारण हेच. आणि बाहेरच्या रानाचीही अडचण आहे. समुद्र चढला की रानाला मागे सरकावे लागते. पण मागे बांध, रस्ता किंवा भराव आहे. पुढून समुद्र आणि मागून भिंत, अशा कात्रीत सापडलेले रान आक्रसत जाते आणि एक दिवस बांध उघडा पडतो.

आपल्या काही गावांत दुसरा प्रकार झाला. खांड बांधली गेली नाही, शेतात भरती-ओहोटी सुरू झाली आणि पाहता पाहता तिथे तिवर उगवले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालही तसाच दिला. जमीन सरकारी असो की खाजगी, तिवर तोडता येत नाही. तेव्हा सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, जमिनीवर रान तिवराचे, अशी स्थिती झाली. ज्या घराची दोन एकर खार अशी गेली तिथल्या बाईला “तिवर आपला रक्षक आहे” असे सांगणे सोपे नाही. तिचे दुःख खरे आहे. रानाचा उपयोग सर्व गावाला होतो आणि नुकसान एका घराला सोसावे लागते, हा न्याय नव्हे. कायदा चांगलाच आहे. पण गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मागण्याचा तिचा हक्कही तितकाच चांगला आहे.

याच प्रश्नावर विलायतेत काय केले ते वाचून मला नवल वाटले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात तुफान झाले. हॉलंडमध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये किनाऱ्यावर ३०७ माणसे बुडाली. दोन्ही देशांनी मग मोठाले बांध बांधले. परंतु काही वर्षांनी इंग्लंडमधील लोकांच्या लक्षात आले की बांधापुढची खारट गवताची राने झिजत चालली आहेत आणि नुसता बांध उंच करून भागत नाही. तेव्हा एसेक्स परगण्यात टोल्सबरी येथे १९९५ साली त्यांनी आपण होऊन जुना बांध फोडला, पाणी आत घेतले आणि मागच्या बाजूला दुसरा बांध राखला. जवळच वॉलेसी बेटावर लंडनच्या भुयारी रेल्वेची तीस लाख टन माती आणून आधी जमीन उंच केली आणि २०१५ साली समुद्राला वाट दिली. तिथे आता रान आहे आणि त्याच्यामागचा बांध सुरक्षित आहे. कोणती जमीन द्यायची आणि कोणती राखायची हे त्यांनी आधी ठरविले. आपल्याकडे ते खांड ठरविते.

भगिनींनो, आपण काही बांध बांधणारे इंजिनियर नाही. पण जोळ ही मुळात घरटी एका माणसाची होती आणि घर आपल्या हाती आहे. म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, दरवर्षी मे महिन्यात आपण मंडळातर्फे बाहेरकाठा पायी फिरून पाहावा. जिथे बीळ, भेग किंवा मोडकी उघाडी दिसेल तिची लेखी नोंद ग्रामसभेत द्यावी आणि लहान बिळे आपणच बुजवावीत. दुसरी, उघाडीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा कचरा आणि निर्माल्य टाकणे आजपासून बंद करावे, कारण तिथे अडकलेली पिशवी दार लागू देत नाही. तिसरी, बांधापुढचे तिवर कोणी तोडू नये आणि कोणी तोडीत असेल तर भीड न धरता बोलावे; त्याबरोबरच ज्यांच्या जमिनी रानाखाली गेल्या त्यांच्या अर्जावर आपण सर्वांनी सह्या कराव्यात.

समुद्र कोणाचा वैरी नाही. ज्या गाळावर आपण उभे आहोत तो त्यानेच दिला. तो आपली वेळ पाळतो. आपणही आपली पाळली पाहिजे. या वर्धापनदिनी नव्या सतरंज्यांबरोबर मंडळाने दहा फावडी आणि वीस घमेली घ्यावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. येत्या मेमधल्या भांगाच्या पहिल्या ओहोटीला ती बांधावर लागतील.